गोव्यातल्या घराण्याचा इतिहास ऑनलाइन, फुकटात कसा शोधावा

घरात पणजोबांचं नाव सगळ्यांना पाठ असतं, गावही माहीत असतं, तरी संगणकावर इंग्रजीत ते नाव टाइप केलं की समोर काहीच येत नाही. गोव्यातले बहुतेक शोध इथेच सोडून दिले जातात. वाईट याचं वाटतं, की कागद बरेचदा असतो. १९६१ पर्यंतच्या सरकारी दप्तरात पणजोबा पोर्तुगीज स्पेलिंगने आणि गावाच्या पोर्तुगीज नावाखाली बसलेले असतात. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, म्हणजे एकाच वाड्यावर त्याच नावाचे दोन-तीन पुरुष निघतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. गाव, वाडा आणि बापाचं नाव ही तिन्ही जुळली तरच तो माणूस आपला समजा.

आधी घरातलं कपाट

संकेतस्थळ उघडण्याआधी घरातले कागद काढा: जुने जन्मदाखले, विक्रीखतं, मृत्युपत्रं, वाटणीचे कागद, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, देवस्थानच्या पावत्या, कोमुनिदादीकडून (गावची सामाईक जमीन सांभाळणारी गावकारांची संस्था) झण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळाल्याची नोंद. मोबाइलने फोटो काढताना दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कागदाच्या बरोबर वरून काढा. मागची बाजू हमखास घ्या, कारण शिक्के आणि दस्ताचा क्रमांक पुष्कळदा तिथेच असतो. फाइलच्या नावात सर्वांत आधी वर्ष घाला, मग गाव, मग माणूस. असं केलं की यादी आपोआप काळाप्रमाणे लागते.

मग वडीलधाऱ्यांना विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. “अमक्याचा जन्म कधीचा?” असं विचारलं तर उत्तर येत नाही. “गोवा मुक्त झाला तेव्हा तुम्ही कितवीत होता?”, “तुमच्या लग्नात सासरे होते का?” असं विचारलं की वर्षं हाती लागतात. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचा गाव वेगळा लिहून घ्या. लग्नात नाव बदललेलं असलं तर जन्माच्या नोंदीत एक आणि सासरच्या कागदांत दुसरं असतं, आणि हे दुवे जोडणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

कुलदेवता विचारायला विसरू नका. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा अनेक देवता फोंड्याकडे व इतरत्र हलवल्या गेल्या. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला आणि दामोदर मडगावहून जांबावलीला. आज घर कारवारला असो की मुंबईला, कुलदेवतेचं जुनं स्थान कळलं की कोणत्या गावाच्या आसपास शोधायचं ते ठरतं. अर्थात तो पुरावा नव्हे, फक्त दिशा.

स्पेलिंगचा तक्ता

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं. पोर्तुगीज कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहीत. ‘श’साठी एक्स, ‘क’साठी सी किंवा क्यू-यू, आणि ‘अ’च्या जागी कित्येकदा ओ. त्यामुळे प्रभूचं होतं पी-ओ-आर-ओ-बी-ओ, नाईकचं एन-ए-आय-क्यू-यू-ई, कामतचं सी-ए-एम-ओ-टी-आय-एम, केणीचं क्यू-यू-ई-एन-आय-एम. देसाईत एस दोनदा येतो. शेणवी किंवा शणै म्हणजे एस-आय-एन-ए-आय. काशीनाथ शोधायचा तर सी-ए-एक्स-आय-एन-ए-टी-ए, कृष्ण शोधायचा तर सी-आर-आय-एस-एन-ए.

गावांचंही तसंच. डिचोली शोधायची तर बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम, पेडणे पी-ई-आर-एन-ई-एम, केपे क्यू-यू-ई-पी-ई-एम. जुन्या कागदांत तिसवाडीला ‘इल्यास’ म्हटलेलं आढळेल. घराण्यातल्या प्रत्येक नावाची चार-पाच रूपं एका कागदावर लिहून समोर ठेवा. आडनाव लांबलचक असेल, म्हणजे आधी शणै आणि मग गावावरून पडलेलं, तर दोन्ही तुकडे वेगवेगळे शोधा. मुक्तीनंतर बऱ्याच जणांनी त्यातला एकच ठेवला.

राजपत्र: सर्वांत दुर्लक्षित खजिना

गोवा सरकारच्या मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर (गोवाप्रिंटिंगप्रेस डॉट जीओव्ही डॉट इन) मुक्तीनंतरची राजपत्रं फुकट उतरवून घेता येतात. घराण्यासाठी कामाची ती तिसरी मालिका, कारण तिच्यात वारसाहक्काच्या नोटिसा छापल्या जात. त्यांचा साचा ठरलेला आहे: अमुक तारखेला अमुक गावी अमुक इसम मृत्युपत्र न करता वारला, मागे अर्धी वाटेकरीण म्हणून त्याची विधवा, आणि एकमेव वारस म्हणून ही मुलं, हे त्यांचे पती किंवा पत्नी, हे राहण्याचे गाव. एका नोटिशीत दोन पिढ्या, कधी तीन, सोबत मृत्यूची तारीख आणि दस्ताचं पुस्तक व पान.

या नोटिशीत मुलीही असतात, त्यांच्या नवऱ्यांसकट. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यात मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा आहे आणि जोडीदाराला निम्मी मालमत्ता, त्यामुळे त्यांची नावं गाळून दस्त पुरा होत नाही. इतरत्रच्या वंशावळींत बायका हरवतात. गोव्यात त्या सापडतात, आणि एवढ्यासाठी तरी हे राजपत्र चाळलंच पाहिजे.

शोधायची रीत अशी. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला चिकटून कोलन, मग जागा न सोडता मुद्रणालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता, आणि पुढे अवतरणचिन्हांत आडनाव व गाव. काही आलं नाही तर तक्त्यातलं दुसरं स्पेलिंग टाका. तरीही काही नाही, तर मृत्यूनंतरच्या पाच-दहा वर्षांचे अंक स्वतः उतरवून चाळा. जुन्या अंकांची छपाई फिकट आहे, तिथे यंत्राला अक्षरं नीट वाचता येत नाहीत आणि शोध फसतो. वारसाहक्काचा दस्त लोक मालमत्ता विकायची वेळ आली की करतात, त्यामुळे १९४० साली वारलेल्याची नोटीस १९८५ च्या अंकातही निघू शकते.

मुक्तीआधीचं पोर्तुगीज सरकारचं राजपत्र, ‘बोलेतीं’, १८३७ पासूनचं आहे. त्याचे काही खंड इंटरनेट अर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर मिळतात. नेमणुका, लिलाव, कोमुनिदादीच्या जाहिराती अशा नोंदींतून नावं निघतात, पण त्यासाठी सवड हवी.

एक-चौदाचा उतारा

भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग निवडला की एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा कब्जेदार आणि कूळ दाखवणारा कागद, दिसतो. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत, शुल्क लागतं ते सही-शिक्क्याच्या प्रतीला. सर्व्हे नंबर माहीत नसला तर भूनक्षा या ऑनलाइन जमीन-नकाशावर घराच्या जागेवर बोट ठेवा, तो कळतो. पणजी, मडगाव, म्हापशासारख्या शहरी भागात मात्र त्याऐवजी फॉर्म डी असतो, आणि तिथे सर्व्हे नंबरच्या जागी चलता नंबर व पीटी शीट (शहरी सर्व्हेतला जागेचा आणि नकाशाच्या पानाचा क्रमांक) लागते.

कब्जेदाराच्या रकान्यात किती तरी उताऱ्यांवर आजही सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेच्या वेळची नावं आहेत, कारण नंतर कुणी म्युटेशन, म्हणजे नावाचा फेरफार, केलंच नाही. मालकाला ही डोकेदुखी असते, पण घराणं शोधणाऱ्याला तीच नावं हवी असतात. कुळांचा रकाना आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा, घराणं जमीन कसणाऱ्याचं असेल तर ते तिथेच भेटेल. शेजारचे पाच-सहा उतारे काढले तर भाऊबंदांच्या वाटण्या डोळ्यांसमोर येतात. मात्र उताऱ्यावरचं नाव म्हणजे नात्याचा पुरावा नाही. दोन नावं शेजारी लिहिली आहेत म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

फॅमिलीसर्च

फॅमिलीसर्च हे वंशावळीच्या जुन्या नोंदींचं संकेतस्थळ, त्यावरचं खातं फुकट आहे. मुखपृष्ठावरच्या नाव-शोधाने सुरुवात करू नका, कारण त्यात फक्त यादी तयार झालेल्या नोंदी येतात. कॅटलॉगमध्ये जाऊन स्थळ म्हणून भारत, मग गोवा निवडा आणि गावनिहाय काय आहे ते पाहा. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर त्या प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात जावं लागतं. नावाने शोधताना स्पेलिंगची शंका असेल तिथे एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांसाठी तारा वापरा. पी, तारा, आर, तारा, बी, तारा असं लिहिलं की प्रभूची पोर्तुगीज रूपंही येतात आणि इंग्रजीही.

ख्रिस्ती घराण्यांना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या पुस्तकांमुळे बरंच मागे जाता येतं. हिंदू घराण्यांसाठी दोन वाटा राहतात. एक, १९१४ पासूनची नागरी नोंदणी. दोन, त्याआधीचे जमीन, देवस्थान आणि कोमुनिदादीचे कागद. फॅमिलीसर्चवर तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांचाही एक मोठा संग्रह आहे, पण त्यात उत्तरेतली क्षेत्रं जास्त. गोव्याच्या कुटुंबाने नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांना गाव आणि आडनाव कळवून विचारलेलं बरं.

या संकेतस्थळावरचं वंशवृक्ष सगळ्यांचं सामाईक आहे, कुणीही बदल करू शकतो. तिथे सापडलेल्या वंशावळीला कागद जोडलेला नसेल तर ती फक्त ऐकीव माहिती समजा.

पोर्तुगीज नोंद वाचताना

भाषा शिकावी लागत नाही, दहा-बारा शब्द पुरतात. ‘नाशिमेंतु’ जन्म, ‘काझामेंतु’ विवाह, ‘ऑबितु’ मृत्यू, ‘फिल्यु’ मुलगा, ‘फिल्य’ मुलगी, ‘विउवा’ विधवा, ‘नेतु पातेर्नु’ म्हणजे बापाकडचा नातू. हा शेवटचा शब्द दिसला की पुढे आजी-आजोबांची नावं आहेत असं समजा. जन्माच्या नोंदीत दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहीत, म्हणून तेओर, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल, नेहमीच्या छोट्या दाखल्यापेक्षा कितीतरी मोलाची. वर्ष अंकांऐवजी अक्षरांत लिहिलेलं असतं. नोंदीची तारीख आणि जन्माची तारीख वेगळ्या असतात, कारण नोंद उशिरा केलेली असू शकते. दोन्ही लिहून ठेवा.

छापील मजकूर गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं. हस्ताक्षरासाठी ट्रान्स्क्रिबस वापरून पाहा, दर महिन्याला थोडी पानं फुकट मिळतात. नावं मात्र यंत्रावर सोडू नका, स्वतःचे डोळे लावा. नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या तालुक्यांतले, जुने देवस्थानी हिशेब मोडीत निघतील. तिथल्या शकाचा इसवी सन काढायचा तर ७८ मिळवा, म्हणजे शके १८४५ म्हणजे १९२३. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९.

मुंबई, कराचीकडे गेलेल्या शाखांसाठी फिबिस या संस्थेचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा संग्रह फुकट शोधता येतो. इंटरनेट अर्काइव्हवर मराठी कुलवृत्तांतही बरेच आहेत. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय पुराभिलेखागाराचं डिजिटार्क हे ऑनलाइन दालन मोठं आहे, पण सामान्य घराणं तिथे क्वचित भेटतं, तेव्हा ते शेवटी.

मांडणी

ग्रँप्स हे फुकट सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर चालतं. ते नको तर साधं गूगल शीट घ्या: कागदावर आहे तसं नाव, चालू नाव, बाप, आई व तिचं माहेर, गाव व वाडा, तारीख, कोणता कागद, पान, आणि खात्री किती. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. बाप आणि मुलात पंधराहून कमी किंवा साठहून जास्त वर्षांचं अंतर निघालं तर मधली पिढी सुटली आहे किंवा एकाच नावाची दोन माणसं एकत्र झाली आहेत, हे नक्की तपासा. हयात माणसांच्या जन्मतारखा सार्वजनिक वृक्षावर टाकू नका.

ऑनलाइन जे सापडत नाही त्यासाठी कचेरी आहेच. नागरी नोंदणीची जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत, महाजनांची (देवळाच्या हक्कदार सभासदांची) यादी देवस्थान समितीकडे आणि मामलेदाराकडे, गावकारांची (कोमुनिदादीच्या सभासदांची) वांगडवार, म्हणजे कूळ-गटांप्रमाणे, नोंद कोमुनिदादीत. महाजन आणि गावकारांच्या याद्या पुरुषांकडूनच चालतात, तिथे लेकी शोधू नका. अर्जात माणसाचं नाव तक्त्यातल्या सगळ्या स्पेलिंगांसह, बापाचं नाव, गाव, वाडा आणि अंदाजे वर्षाच्या मागेपुढे पाच वर्षं लिहा. राजपत्रातून दस्ताचं पुस्तक व पान मिळालं असेल तर तेही घाला, आणि प्रत मागताना ‘तेओर’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर आजी-आजोबा नसलेला छोटा दाखला हातात येईल.