उकडतंय? मग इंग्रजीत ‘मगी’ म्हणा

‘आज फार उकडतंय’ हे इंग्रजीत सांगताना बहुतेक जण ‘टुडे इज व्हेरी हॉट’ म्हणतात. त्यात उष्णता येते, पण घामाची चिकचिक राहून जाते. तिच्यासाठी ‘मगी’ हे विशेषण आहे.

स्पेलिंग एम-यू-जी-जी-वाय, जी दोनदा. उच्चार ‘मगी’, ‘म’ मराठीतल्या ‘मग’सारखा, ‘म्युगी’ नव्हे. चहाच्या मगाशी त्याचा संबंध नाही. धुकं, रिमझिम अशा अर्थाच्या जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दापासून तो आला असं मानतात.

शब्दकोश ‘मगी’ला ‘दमट’ असा प्रतिशब्द देतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. भिंत दमट असते, थंडीतला कपडाही दमट असतो. ‘मगी’ मात्र फक्त हवेला लागतं आणि तीही उबदार हवी. मराठीत सर्वांत जवळचं क्रियापद ‘उकडणं’च. बटाटा वाफेत उकडतो, तसंच हे.

शब्द वापरण्याआधी दोन गोष्टी पाहा: गरम होतंय का, आणि घाम अंगावरच राहतोय का? दोन्हींना ‘हो’ असेल तरच ‘मगी’. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर तो वाळत नाही, म्हणून तेच तापमान जास्त जाचतं.

आकड्यांनी ठरवायचं असेल तर नुसती आर्द्रतेची टक्केवारी फसवते. लंडनमध्ये हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी ६ अंश तापमान आणि ९८ टक्के आर्द्रता असू शकते, तरी ती हवा ‘मगी’ नव्हे, ‘डँप’. दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर ढोबळ हिशेब असा: १००मधून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला ५ने भागा आणि ते उत्तर तापमानातून वजा करा. मुंबईत ३२ अंश आणि ७० टक्के असेल तर ३० भागिले ५ म्हणजे ६, आणि दवबिंदू २६. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा साधारण १३ ते १८ अंश दवबिंदूला चिकचिक जाणवू लागते असं धरते आणि त्यापुढची हवा जाचक मानते. म्हणजे २६ला बिनधास्त ‘मगी’ म्हणा. याउलट नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२च्या आसपास (कोरड्या हवेत वरचा हिशेब चालत नाही, तक्ता पाहावा लागतो). तिथे ‘स्कॉर्चिंग’ किंवा ‘ड्राय हीट’ म्हणा.

वाक्यात हवामानासाठी कर्ता म्हणून ‘इट’ घ्या: ‘इट्स रिअली मगी टुडे’. नामाआधी लावायचं तर ‘अ मगी नाइट’, ‘मगी वेदर’. ‘हॉट अँड मगी’ ही जोडी फार रुळलेली आहे. तुलनेसाठी ‘मगियर’, ‘मगिएस्ट’. ‘मोअर मगी’ कानाला खटकतं. नाम ‘मगिनेस’.

हमखास होणारी चूक म्हणजे ‘आय ॲम मगी’. माणूस मगी नसतो. ‘आय फील स्टिकी’ म्हणा. खिडक्या बंद असलेली कोंदट खोली ‘स्टफी’. अंगाला चिकटलेला ओला शर्ट ‘डँप’ किंवा ‘स्वेटी’.

‘ह्युमिड’ आणि ‘मगी’ यांतला फरक मोजमाप आणि जाणीव यांचा आहे. अहवालात, भूगोलाच्या उत्तरात ‘ह्युमिड’ लिहा. हवामान विभागाच्या ‘उष्ण व दमट’चं भाषांतरही ‘हॉट अँड ह्युमिड’च करा. गप्पांत, घरच्या पत्रात, प्रवासवर्णनात ‘मगी’ शोभतं. ‘सल्ट्री’ याच्या जवळचा, वारा पडलेल्या उकाड्याचा शब्द. पण व्यक्तीला लावला की तो मादक अशा अर्थाकडे जातो, तेव्हा जपून. ब्रिटनमध्ये अशाच कुंद हवेला ‘क्लोस’ही म्हणतात. त्यात शेवटी ‘स’ येतो. ‘झ’ उच्चारलात तर ऐकणाऱ्याला दार बंद करायला सांगितल्यासारखं वाटेल.