जुनी गाडी ठेवायची की विकायची, हे ठरवण्याआधी खाली वाकून बघा

माझी गाडी 19 वर्षांची आहे आणि त्यातली 11 वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे मी घेतली तेव्हाच ती जुनी होती. छोटी पेट्रोल गाडी, गिअर हाताने टाकायचे, काचा दांडा फिरवून खाली घ्यायच्या. ओडोमीटरवर 2,14,000 किलोमीटर झालेत. दोन वर्षांपूर्वी क्लच गेला तेव्हा गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं, "गाडीची किंमत जेवढी, जवळजवळ तेवढाच खर्च आहे. कशाला घालताय पैसे? देऊन टाका."

हा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण त्यातला हिशेब चुकतो. गाडी बाजारात कितीला जाईल हे विकणाऱ्याने बघायचं. ठेवणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे: एवढेच पैसे दुसरीकडे घातले तर मला किती महिने बिनघोर गाडी मिळेल? क्लचच्या खर्चात मला दुसरी तितकीच जुनी गाडी मिळाली असती. पण तिचा क्लच किती उरलाय, आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं की नाही, हे कोण सांगणार होतं? माझ्या गाडीच्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत. मी क्लच बदलून घेतला आणि तो आजही छान चालतोय.

हा हिशेब अंदाजाने होत नाही, त्यासाठी वही लागते. माझी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले, एवढंच लिहायचं. पेट्रोल त्यात धरायचं नाही, ते कुठल्याही गाडीला लागणारच. वर्षाच्या शेवटी बेरीज करून 12 ने भागा. जो आकडा येईल तो बदली गाडीच्या महिन्याच्या खर्चाशी ताडून बघा, आणि त्यात हप्ता, विमा आणि किमतीत होणारी घट तिन्ही धरा. घट हा लोकांच्या नजरेतून सुटणारा खर्च आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, तुमच्या गाडीची जेवढी उतरायची तेवढी उतरून झालेली असते. एका वर्षी मोठा खर्च झाला आणि पुढचं वर्ष शांत गेलं, तर घाबरायचं कारण नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवंच काहीतरी निघत असेल आणि गाडी गॅरेजमध्ये पडून राहण्याचे दिवस वाढत असतील, तर मात्र वहीचं ऐका.

पण वहीच्याही आधी पत्रा. जुन्या गाडीचं आयुष्य बहुतेक वेळा इंजिनावर नाही, गंजावर ठरतं, असं माझं पक्कं मत आहे. इंजिन उघडून नीट करता येतं. कुजलेला सांगाडा दुरुस्त करणं फार महागात जातं आणि भरवसा तरीही राहत नाही. म्हणून जुनी चादर अंथरा, टॉर्च घ्या आणि खाली वाकून बघा. गाडी नुसत्या जॅकवर असताना अंगाखाली कधीही जायचं नाही. दाराखालची चौकट, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, सस्पेन्शन बॉडीला जिथे बोल्टने जोडलंय तो भाग, आणि डिकीतली चटई उचलून स्टेपनीची खोबण, हे सगळं तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि कधी कधी आत दबतो. रंग फार गुळगुळीत दिसला तिथे कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. पत्र्याला ते चिकटतं, खाली पुट्टीचा जाड थर असेल तर निसटतं.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आले होते. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. माझ्या दाराची तिन्ही भोकं मातीने बुजलेली होती. प्लॅस्टिकची पट्टी आत घालून फिरवली, तर कपभर तांबडं पाणी बाहेर आलं. ते किती महिने आत होतं कोण जाणे. दार सुकू दिलं, फुगे तारेच्या ब्रशने घासले, गंजरोधक लावलं, प्रायमर आणि रंग मारला. दोन संध्याकाळी गेल्या, पण दार वाचलं. तुमच्या गाडीची ही भोकं आजच मोकळी करा, त्याला पैसा लागत नाही.

दार, फेंडर, बॉनेट यांचा गंज म्हणजे दिसण्याचा प्रश्न. पण तोच गंज सस्पेन्शनच्या जोडावर किंवा गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या लांब पट्ट्यांवर असेल आणि दोन-तीन ठिकाणी पत्रा आरपार गेला असेल, तर पुढे पैसे घालू नका. मी स्वतः तिथे थांबेन.

इंजिनाचं खरं काय ते कम्प्रेशन टेस्ट सांगते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. मेकॅनिककडून ती मुद्दाम करून घ्या. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, सगळे प्लग काढलेले आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. बहुतेक पेट्रोल इंजिनांत 10 ते 13 बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास आकडे येतात. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. तो साधारण 10-15 टक्क्यांच्या आत हवा. माझे आकडे 12, 12, 9 आणि 11.5 आले. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर 9 चे 11 झाले. ऑइल टाकल्यावर दाब वाढला म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वाढला नसता, तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधली सील) शोधावा लागला असता. गाडी 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पिते, म्हणून मी दर रविवारी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघते आणि लागेल तेवढं भरते. या रिंगांसाठी इंजिन उघडायचं नाही असं मी ठरवलंय.

धुराचा रंगही बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जळतंय, आणि तेव्हा गाडी चालवत राहू नका. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली म्हणून मात्र लगेच धसका घेऊ नका. थंडीत जवळजवळच्या फेऱ्या झाल्या की आत साचलेल्या वाफेनेही ती होते. तीच मलई डिपस्टिकवर आहे आणि कूलंटही कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

गाडी ठेवायचं ठरलं की आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि कूलिंग. एसी आणि रंग नंतर. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 फ्लुइडसाठी तो नवं असताना किमान 230 अंश, ओलावा धरल्यावर किमान 155 अंश सेल्सियस असा ठरलेला आहे. लांब उतारावर हा फरक जिवावर बेतू शकतो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 3519 म्हणजे 2019 सालचा 35 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतंच. टायमिंग बेल्ट असेल तर गाडीच्या पुस्तकातले किलोमीटर आणि वर्षं यांत जे आधी भरेल तेव्हा तो बदला. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळं इंजिनच बसतं. बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत.

विकायचं ठरलं तर गाडी चालू आहे तोवर विका. बंद पडलेल्या गाडीला भंगाराचाच भाव येतो. आतून-बाहेरून स्वच्छ करा, गेलेले बल्ब आणि वायपर बदला, पण नवे टायर किंवा रंगकाम यांच्या भानगडीत पडू नका, ते पैसे परत येत नाहीत. इंजिन धुऊन चकचकीत करू नका. गळती लपवताय असं वाटतं. ग्राहक येईल तेव्हा इंजिन थंड राहू द्या आणि सेल्फ त्यालाच मारू द्या.

दोष लपवू नका, हे मी कळकळीने सांगते. आधीची गाडी विकताना मी जाहिरातीतच नऊ दोष लिहिले होते आणि गंजाचे फोटो जवळून काढून टाकले होते. फोन कमी आले. पण जे बघायला आले ते ठरवून आले, आणि दारात उभं राहून एकेका ओरखड्यावर घासाघीस झाली नाही.

चालवून बघायला देताना आधी परवाना बघा, शेजारी बसा, मूळ कागद घरी ठेवा. पैसे खात्यात जमा झालेले स्वतः पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नको. तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि मालकी बदलल्याची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करा, कारण तोवर दंडाचे कागद तुमच्याच नावाने येणार. विमा त्यानंतरच बंद करा. गाडीत जोडलेला फोन आणि नकाशात साठवलेला घरचा पत्ता पुसून टाका. भंगारात देणार असाल तर सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा भाव वेगळा विचारा, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात. गाडी मोडीत निघाल्याचा कागद हातात घ्या.

आधीच्या गाडीबरोबर मी तिची वहीही दिली होती. घेणाऱ्या बाईंनी बॉनेटवर टेकून ती पानापानाने वाचली आणि एकच विचारलं: कूलंट कुठलं भरता? वेगवेगळ्या जातीची कूलंट एकमेकांत मिसळायची नसतात, हे त्यांना माहीत होतं. मी डब्यावरचं नाव शेवटच्या पानावर लिहून दिलं आणि उरलेला अर्धा डबा डिकीत ठेवला.