वेब सर्व्हरसाठी इंटरनेट कनेक्शन: आधी अपलोड मोजा, मग प्लॅन बघा

प्लॅनच्या जाहिरातीत ठळक छापलेला वेग डाउनलोडचा असतो. ऑफिसात किंवा घरी वेब सर्व्हर (साइट लोकांना पाठवणारा संगणक) ठेवायचा असेल तर तो आकडा फारसा कामाचा नाही. लोक साइट उघडतात तेव्हा डेटा आपल्याकडून बाहेर जातो, म्हणजे ताण अपलोडवर येतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे मिळतात. केबल मोडेम आणि तांब्याच्या तारेवरच्या डीएसएलमध्ये अपलोड फारच कमी असतो. अपलोड किती, हे कंपनीकडून लेखी घ्या.

किती लागेल याचा अंदाज बांधत बसू नका. साइट आधीपासून कुठे चालू असेल तर तिचा अ‍ॅक्सेस लॉग (कोणाला काय पाठवले याची सर्व्हरची नोंद) उघडा आणि सर्वांत गर्दीच्या मिनिटात गेलेल्या बाइट्सची बेरीज करा. अपाचे आणि एन्जिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या कंबाइन्ड लॉगमध्ये हा आकडा स्टेटस कोडच्या (२००, ४०४ असा तीन अंकी निकाल) लगेच पुढे असतो. समजा त्या मिनिटात ९० पाने उघडली आणि एकेक पान सरासरी १.५ एमबीचे निघाले. एकूण १३५ एमबी, म्हणजे सेकंदाला २.२५ एमबी. याला ८ ने गुणा: १८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). ८ ने गुणायचे विसरल्यामुळेच अनेकांचा हिशेब फसतो. फाइल बाइटमध्ये मोजतात, लाइन बिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. शिवाय मिनिटभरात गर्दी सारखी नसते आणि पॅकेटांचा वरखर्चही असतो, म्हणून दुप्पट धरा, साधारण ४० एमबीपीएस. महिन्याच्या सरासरीवर जाऊ नका. शाळेच्या निकालाची साइट वर्षभर झोपलेली असते आणि निकालाच्या दुपारी अर्ध्या तासात कोलमडते.

साइट नवी असेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये पानाचे वजन पाहा. मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवलेला दिसला तर आधी तो २०० केबीवर आणा. मोठा प्लॅन घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

अपलोड काठोकाठ भरला की डाउनलोडही रडतो, कारण डेटा मिळाल्याच्या पोचपावत्या त्याच रांगेत अडकतात. राउटरमध्ये एसक्यूएमची (रांग तुंबू न देणारी व्यवस्था) सोय असेल तर तिची अपलोड मर्यादा प्रत्यक्ष अपलोडच्या ९० टक्क्यांवर ठेवा. हा प्रत्यक्ष वेग लॅन केबल लावून, रात्री ९ च्या सुमारास, तीन-चार दिवस मोजा. वायफायवरचा आकडा धरू नका. घरगुती फायबरची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असू शकते, त्यामुळे सकाळी ११ चा आकडा रात्री टिकेलच असे नाही.

'अनलिमिटेड' शब्दापुढची फुली वाचा. अनेक घरगुती प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. १ एमबीपीएस सतत ३० दिवस चालला की ३२४ जीबी होतात, म्हणजे ही मर्यादा सरासरी १० एमबीपीएसलाच संपते. घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालवायला करारात मनाई आहे का, तेही बघून घ्या.

वेगाइतकाच महत्त्वाचा आयपी पत्ता. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून येणारी मागणी सर्व्हरकडे वळवूनही) आयपीव्ही४ या नेहमीच्या पत्त्यावरून बाहेरचा माणूस पोहोचणार नाही. स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी घ्या आणि ८० व ४४३ हे साइटचे पोर्ट खुले आहेत का ते विचारा. ८० बंद असेल तर https साठीचे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र डीएनएस (साइटच्या नावाचा आयपी सांगणारी यंत्रणा) पद्धतीने किंवा ४४३ वरच्या टीएलएस-एएलपीएन पद्धतीने घ्यावे लागते. चाचणी नेहमी मोबाइल डेटावरून करा. आतल्या नेटवर्कवरून उघडणारी साइट बाहेर बंद असू शकते, आणि उलटही.

धंदाच साइटवर असेल तर लीज्ड लाइनचा विचार करा: दोन्ही बाजूंना सारखा, न वाटलेला वेग आणि करारात अपटाइमची हमी. ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३.६ तास बंद, ९९.९ म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. साइट साधी माहितीपर असेल तर मात्र मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, लाइनच्या भानगडीत पडूच नका.

वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर चालतो, पण फायबरची ओएनटी पेटी (घरातली फायबर मोडेमची पेटी) बंद पडते. तिलाही यूपीएस लागतो. राखीव लाइन दुसऱ्या कंपनीची घेताना तिची केबल त्याच खांबावरून येत नाही ना ते बाहेर जाऊन पाहा. लाइन बदलली की आयपी बदलतो, म्हणून डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) आधीपासूनच ३०० सेकंदांवर ठेवा.