सुईची नशा, ताप आणि हृदय: दवाखान्यात काय सांगायचं
इंदूरात हृदयरोगाच्या वॉर्डात मी परिचारिका आहे. सुईने नशा करणाऱ्या मुलाला थंडी वाजून ताप येत असेल, तर मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून देऊ नका. एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात न्या. सुईची गोष्ट पहिल्याच डॉक्टरांना सांगा, लाजू नका हो. औषधाआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, ही तपासणी) घेतात, मग इको (हृदयाची सोनोग्राफी). हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असतील, तर शिरेतून औषध बहुधा ४ ते ६ आठवडे चालतं.

मुलं मधेच पळून जातात. अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप नसते. हा हट्ट नव्हे, नशा तुटल्याचा त्रास आहे. त्यावर रागावू नका. मानसोपचाराच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बोलवायला सांगा. ब्राऊन शुगर, हेरॉइनसारख्या नशेचा हा त्रास कमी करणारं औषध, ब्यूप्रेनॉर्फिन, वॉर्डातच सुरू करता येतं. पुढे ते कुठे मिळेल, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.