कादिझला निघताना

स्पेनमधल्या कादिझचं जुनं शहर तासाभरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून होतं, त्यामुळे तयारी स्थळांच्या यादीची कमी आणि वारा नि घड्याळ यांची जास्त करायची.

कागदपत्रांचं पटकन उरका. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस आधीपर्यंत तो गेलाच पाहिजे, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतल्यानंतरही तीन महिने चालू हवा. गावाला स्वतःचा विमानतळ नाही. सेव्हिया (सेव्हिल) शहराहून रेल्वेने पावणेदोन तासांत पोचता, आणि स्टेशन जुन्या शहराच्या अगदी तोंडाशी आहे. म्हणून खोली जुन्या शहरातच घ्या, टॅक्सीची गरज पडत नाही. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलला जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी धरा. तो गोंगाट नको असेल तर ते दिवस सरळ टाळा.

आता वारा. पूर्वेकडून येणारा लेवांते कोरडा, गरम आणि हट्टी असतो, सुरू झाला की दोन-तीन दिवस थांबत नाही. पश्चिमेचा पोनियेंते अटलांटिकवरून गारवा घेऊन येतो. छत्री नेऊ नका, दोघांपुढेही तिचा निभाव लागणार नाही. गळ्यात बांधायची दोरी असलेली टोपी, पातळ विंडचीटर, डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून गॉगल, आणि साडी-ओढणीसाठी सेफ्टी पिना एवढं घ्या. लेवांते सुटला की ला व्हिक्तोरियाच्या लांबलचक किनाऱ्यावर वाळूचे फटके बसतात. त्या दिवशी ला कालेताचा किनारा गाठा, त्याला शहराचाच आडोसा मिळतो.

चपलांपेक्षा बूट बरे, कारण मनोरे चढायचे आहेत. बंदरात येणारी जहाजं दिसावीत म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी घरांवर टेहळणीचे मनोरे बांधले, आणि अजून शंभराहून जास्त उभे आहेत. त्यांतला तोर्रे ताव्हिरा बघायचाच. तिथल्या अंधाऱ्या खोलीत १९९४ पासून कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंग-आरशांनी बाहेरचं दृश्य आत आणणारी सोय आहे, आणि पांढऱ्या तबकडीवर अख्खं शहर हलताना दिसतं, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. त्याचं वेळेचं तिकीट आधी काढा. कादिझ म्युझियम सोमवारी बंद असतं. तिथे फिनिशियनांच्या, म्हणजे प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या, दोन शवपेट्या आहेत, पुरुषाची १८८७ मध्ये सापडली, स्त्रीची १९८० मध्ये. संग्रहालयाचे एके काळचे संचालक पेलायो किंतेरो दुसरी पेटी असणारच म्हणून शोधत राहिले, आणि ती निघाली त्यांचंच घर जिथे होतं त्या जागेखाली! स्पेनची १८१२ची राज्यघटना जिथे जाहीर झाली ते सान फेलिपे नेरीचं प्रार्थनास्थळ चालत्या वाटेवरच आहे.

घड्याळाशी मात्र भांडू नका. दुपारचं जेवण दोनच्या सुमारास, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं थंड आणि दुकानंही बंद. बरोबर मुलं किंवा मधुमेही असतील तर चिवडा, खाकरा, भाकरवडी घ्या. पेढे, खवा, तुपातली मिठाई घरीच ठेवा, कारण भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. शाकाहारी म्हटलं तरी ताटात कधी ट्यूना येतो, कधी हॅमचे तुकडे. त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नको, हॅम नको) हे तीन शब्दप्रयोग पाठच करा. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. तोर्तियीता दे कामारोनेस म्हणजे बारीक कोळंबीची कुरकुरीत पातळ पोळी, पिठात गव्हाबरोबर बेसन. आमच्याकडच्या जवळ्याच्या भज्यांची ही सख्खी बहीण, फक्त अंगाने सडपातळ.

चार्जरची पिन बघून ठेवा. आपली दोन बारीक पिनांची बहुतेक बसते, तीन पिनांना अॅडॅप्टर हवा. जुन्या बंदराशी मोठी क्रूझ लागते, तेव्हा कॅथेड्रलच्या भोवती गर्दी होते, तर ते सकाळी उघडताच किंवा उशिरा बघा.

शेवटची संध्याकाळ ला कालेतासाठी राखा. जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या आसपास बुडतो, दोन किल्ल्यांच्या मधोमध. बसायला पंचा, अंगात विंडचीटर, आणि जेवण त्यानंतर असल्याने हाताशी उरलेला खाकरा.