खोल मेंदूच्या नोंदीतून हृदयाचे ठोके कसे वेगळे काढले

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या खोलीवर, कंपवाताच्या एका रुग्णाच्या खोल मेंदूतील विद्युत नोंदी तपासताना मिनिटाला साधारण ७५ वेळा उमटणारा टोकदार उंचवटा मी आधी मेंदूचाच समजलो होतो. मेंदूतील तारांना जोडलेल्या, छातीत डावीकडे बसवलेल्या उत्तेजक उपकरणाचे आवरण विद्युतमार्गाचा भाग झाले की हृदयाचा संकेत नोंदीत शिरतो, आणि मेंदूचा संकेत जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा असल्याने तो त्याखाली झाकला जातो. प्रथम मी १३ ते ३० हर्ट्झची, म्हणजे मेंदूच्या बीटा लहरींचा पट्टाच ठेवणारी गाळणी लावून पाहिली. परंतु क्यूआरएसची (हृदयाच्या ठोक्याच्या टोकदार भागाची) ऊर्जा नेमकी त्याच पट्ट्यातही पसरलेली असल्याने ती मेहनत पाण्यात गेली. मग प्रत्येक आर-शिखराच्या (क्यूआरएसमधल्या सर्वांत उंच टोकाच्या) आधीचे ०.२ आणि नंतरचे ०.४ सेकंद कापून ठोक्यांची सरासरी काढून तिचा साचा बनवला, त्या साच्याची दोन्ही टोके शून्यावर आणली आणि तो प्रत्येक ठोक्याच्या उंचीप्रमाणे लहानमोठा करून वजा केला. तरीही ठोक्यांचे खुंट नोंदीत उरलेच, कारण संकेत उलटा नोंदला गेला होता आणि शिखर म्हणून भलताच बिंदू पकडला जात होता (हे उमगायला दोन संध्याकाळी गेल्या!). चिन्ह बदलल्यावर ठोक्यांशी जुळवलेली सरासरी जवळजवळ सपाट आली आणि २० हर्ट्झजवळचा बीटा उंचवटा शाबूत राहिला.