स्कॅनच्या रिपोर्टमधली ती एक ओळ

कॉम्प्युटर दुरुस्ती नव्याने शिकणारी मुलं स्कॅन लावतात, लाल खूण दिसली की ‘रिमूव्ह’ दाबतात आणि मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देतात. व्हायरसचं नाव वाचायचं राहूनच जातं, आणि निम्मं निदान तिथेच असतं.

विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस नाव असं लिहितो: ‘ट्रोजन:विन32/वाकाटॅक.बी!एमएल’. कोलनच्या आधी प्रकार, मग तो कुठल्या सिस्टिमवर चालतो ते, तिरक्या रेघेनंतर घराणं, टिंबानंतर त्यातली आवृत्ती. शेवटचं ‘!एमएल’ नीट बघा. मशीन लर्निंगने संशय घेतलाय, असा त्याचा अर्थ. संशय चुकतोही, त्याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. दुकानदाराने कुणाकडून बनवून घेतलेलं बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर यात अडकू शकतं. ते उडवण्याआधी बनवणाऱ्याला विचारा.

‘हॅकटूल:विन32/ऑटोकेएमएस’ दिसलं तर विंडोज किंवा ऑफिस बहुधा विनापरवाना चालू केलेलं आहे. मग सेटिंगमधली ‘एक्स्क्लूजन्स’ची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी उघडाच. विनापरवाना चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर प्रोग्रॅम पकडला जाऊ नये म्हणून कुणी तिथे अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवला असेल, तर स्कॅन त्याकडे बघतच नाही आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

क्वारंटाइन म्हणजे पुसणं नव्हे. फाइल चालू होऊ शकणार नाही अशी बाजूला कोंडलेली असते, ‘रिस्टोअर’ करून परत मिळते. खात्री नसेल तेव्हा हेच निवडा. ‘अलाउ’ दाबलंत की तो धोका मोकळा सुटतो.

क्विक स्कॅन मेमरी आणि आपोआप सुरू होणाऱ्या जागा तपासतो. फुल स्कॅन डिस्कवरच्या सगळ्या फाइल्स बघतो, पण पेन ड्राइव्ह सहसा त्यातून सुटतो. म्हणून त्यावर राइट क्लिक करून वेगळा स्कॅन लावा. पासवर्ड असलेली झिप फाइल तर स्कॅनला उघडताच येत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हवर नुसते शॉर्टकट दिसले तर घाईने फॉरमॅट मारू नका, त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. मूळ फाइल्स बहुतेक वेळा लपवलेल्या असतात. आधी स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची टिकही काढा, नाहीतर त्या दिसायच्या नाहीत.

काढलेला व्हायरस रिस्टार्टनंतर परत येत असेल तर ऑफलाइन स्कॅन. विंडोज सुरू होण्याआधीच तो चालतो, त्यामुळे व्हायरसला जागं होऊन लपायची संधी मिळत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात. मशीन लगेच रिस्टार्ट होतं, तेव्हा उघडी कामं आधी सेव्ह करा. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त सापडेल.